रुळाच्या घंटेचं छोटं चर्च

बालमित्रांनो, चर्च म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभं राहतं? उंच मनोरा, रंगीत काचांच्या खिडक्या, मोठी पितळी घंटा, हो ना? मुंबईचं माउंट मेरी चर्च किंवा गोव्यातली जुनी चर्चेस तुम्ही सहलीत किंवा चित्रांत पाहिली असतील. पण आज मी तुम्हांला ज्या चर्चची गोष्ट सांगणार आहे, त्याला मनोरा नाही, रंगीत काचा नाहीत आणि घंटाही नाही. घंटेच्या जागी आहे रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा. दारातल्या लिंबाच्या झाडाला तो तारेने बांधलाय. आमच्या शाळेतही अगदी तस्साच तुकडा टांगलेला आहे बरं का!

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका लहान गावात प्राथमिक शाळेत शिकवते. (२०२४ पर्यंत हा जिल्हा अहमदनगर या नावाने ओळखला जायचा.) चौथीच्या वर्गातली एक मुलगी एके दिवशी म्हणाली, ‘‘बाई, रविवारी आमच्याकडं सुगीचा सण आहे. तुम्ही यायचंच.’’ मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे हा सण मला ठाऊक नव्हता. पण मुलांनी बोलावलं की नाही म्हणवत नाही.

गेले तर काय, दोन खणांची दगडमातीची इमारत. आत सतरंज्या, समोर लाकडी वधस्तंभ, एक पेटी, एक तबला आणि झांजांचे दोन जोड. आणि वर? वर निळा प्लॅस्टिकचा कागद! मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात अर्धे पत्रे उडून गेले होते. सगळा पावसाळा या मंडळींनी त्या कागदाखाली काढला होता.

‘मंडळी’ हा शब्द मी मुद्दामच वापरला. मराठी ख्रिस्ती लोक चर्चमधल्या समुदायाला मंडळीच म्हणतात. ही मंडळी अवघी २२ घरांची. बहुतेक शेतमजूर, कुणी एस.टी.तून निवृत्त झालेले, कुणी साखर कारखान्यात. त्यांचे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, एकटे पाच गावं सांभाळतात. मोटारसायकलवरून येतात, तेही महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी.

‘‘मग बाकीच्या रविवारी चर्च बंद?’’ मी विचारलं.

‘‘छे हो बाई!’’ माझी विद्यार्थिनी फणकाऱ्याने म्हणाली. ‘‘कंडक्टरआजोबा प्रार्थना सांगतात, माझी आई बायबल वाचते, आणि घंटा मी वाजवते!’’

पाळकसाहेब हसले. म्हणाले, ‘‘प्रभुभोजनाचा विधी तेवढा दीक्षा घेतलेल्या पाळकानं करायचा असतो. बाकी सगळं मंडळी करू शकते. मी नसताना जे चालतं, तेच खरं माझं काम.’’

मुलांनो, हे वाक्य मला फार आवडलं. बाई वर्गाबाहेर गेल्या की तुमच्या वर्गात काय चालतं, ते तुम्हीच आठवून बघा!

थोडा इतिहास

आपल्या भागातली अशी छोटी चर्चेस काही आज-काल सुरू झालेली नाहीत. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत आले. १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला काम सुरू केलं. पुढे खेड्यापाड्यांत शाळा निघाल्या. पुष्कळ गावांत एकच खोली असायची. सोमवारी ती शाळा आणि रविवारी तेच चर्च! दिवसा मुलांना बाराखडी शिकवणारे मास्तर रविवारी उपासना चालवायचे. पैसा कमी, माणसं कमी, म्हणून एकाच माणसाने दोन-तीन कामं करायची. १९७० साली नागपुरात उत्तर भारतातली सहा वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालं. मिशनच्या काळातल्या पुष्कळ मंडळ्या त्यात सामील झाल्या.

आणि ती पेटी, झांजा? त्यांचीही गंमत आहे. फुलामुलांचे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक तुम्हांला माहीत असतीलच. त्यांचा जन्म १८६१ चा. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे त्यांनी ख्रिस्ती उपासनेसाठी मराठी भजनं लिहिली. अभंग, ओवी, कीर्तन हे आपल्या मातीतलेच प्रकार त्यांनी हाती घेतले. त्यामुळे झालं काय, की महागडा ऑर्गन नसला तरी काही अडेना. झांजा कुटायला येतात ना? झालं तर मग! त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर शाळेत जायलाही मिळालं नव्हतं. तरी त्यांनी लिहिलेलं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र आज मराठीतलं एक थोर पुस्तक मानलं जातं. जवळ काय नाही, यापेक्षा काय आहे ते बघावं, हे या दोघांकडून शिकावं.

भोपळा तीनदा विकला

तर सुगीच्या सणाकडे वळू. उपासना झाली. प्रत्येकाने आपल्या शेतातलं, परसातलं काहीतरी आणलं होतं. बाजरीची कणसं, कांदे, वांगी, अंडी, एक कोंबडासुद्धा! मग सुरू झाला लिलाव. एक भलाथोरला भोपळा कंडक्टरआजोबांनी ३०० रुपयांना घेतला आणि लगेच परत देऊन टाकला. तो पुन्हा विकला गेला. दुसऱ्यानेही परत दिला. असा तो भोपळा तीनदा विकला! मुलं हसून हसून लोळत होती. मीही वांगी घेतली, बाजारापेक्षा चौपट भावाने!

संध्याकाळी हिशेब झाला. ११,३४० रुपये जमले. पेटीत आधीचे ६,४०० होते. एकूण १७,७४० रुपये. पत्र्यांच्या कामाला मिस्त्रीने ३२,००० सांगितले होते. सेक्रेटरींनी सगळा हिशेब मोठ्याने वाचला आणि कागद दाराला लावला. ‘‘लहान ठिकाणी पैशाची कुजबुज लवकर होते. म्हणून रुपयान् रुपया उघड्यावर ठेवायचा,’’ पाळकसाहेब म्हणाले.

आणि नेमकं चारच दिवसांनी विपरीत घडलं. माझ्याच वर्गातला एक मुलगा चिंचेच्या झाडावरून पडला. पायाचं हाड मोडलं. वडील सालगडी. शस्त्रक्रिया करावी लागणार होती. गावात वर्गणी सुरू झाली. तालमीच्या पोरांनी दिली, देवळाच्या भजनी मंडळाने दिली, आम्ही शिक्षकांनी दिली. तो मुलगा काही या मंडळीतला नव्हता. तरी चर्चमध्ये बैठक बसली. पत्र्यांच्या पैशांतून काही द्यायचं का?

बैठकीत खडाजंगी झाली. एक ज्येष्ठ गृहस्थ तावातावाने म्हणाले, ‘‘आपल्याच डोक्यावर छप्पर नाही, आणि निघाले दान करायला!’’ त्यांचं तरी काय चुकलं? पावसाळाभर त्यांनीच तर भिजत कागद बांधला होता. पाळकसाहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग एवढंच बोलले, ‘‘पत्रे उन्हाळ्यापर्यंत थांबतील. हाड थांबणार नाही.’’ हात वर झाले. ५,००० रुपये द्यायचं ठरलं. ते गृहस्थ उठून गेले. पुढच्या रविवारपासून त्यांचं घर चर्चमध्ये यायचं बंद झालं.

२२ घरांतलं एक घर

बालमित्रांनो, हजार माणसांतून पाचजण रुसले तर कदाचित कुणाला कळणारही नाही. पण २२ घरांतलं एक घर गेलं की सतरंजीवरची जागा रिकामी दिसते. तबला त्यांचाच मुलगा वाजवायचा. तोही थांबला.

एकदा पाळकसाहेब शाळेत चहाला आले होते. चेहरा उतरलेला. म्हणाले, ‘‘बाई, दोन वर्षांत तीन कुटुंबं पुण्याला गेली. आता हे. कधी कधी वाटतं, पाच गावं फिरतोय खरा, पण हातात काय उरणार?’’ काय बोलावं मला सुचेना. पट कमी झाला की शाळा राहील का, ही धाकधूक आम्हां शिक्षकांनाही असतेच की!

पण ते नुसते बसून राहिले नाहीत. डिसेंबरात त्या रुसलेल्या गृहस्थांची कांद्याची लागण चालू होती. पाळकसाहेब सकाळीच त्यांच्या शेतात गेले आणि चिखलात उतरून रोपं लावू लागले. एक दिवस नाही, तीन दिवस! चर्चचा विषय त्यांनी चुकूनही काढला नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी खाताना ते गृहस्थच म्हणाले, ‘‘नाताळाला तबला कोण वाजवणार आहे?’’

नाताळाच्या सकाळी तबला वाजला. कोणी वाजवला, ते सांगायला हवं का?

मूठभर धान्याची ताकद

तरीही पत्र्यांचे पैसे कमीच होते. तेव्हा पाळकसाहेबांनी बायकांना मिझोरामची गोष्ट सांगितली. तिथल्या ख्रिस्ती घरांत स्वयंपाक करताना दर वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. ही प्रथा शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे. गोळा झालेला तांदूळ विकून चर्चची कामं चालतात, आणि आज ती रक्कम कोटींच्या घरात जाते! कंडक्टरआजोबा लगेच म्हणाले, ‘‘अहो, आपल्याकडं कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातल्या पोरांसाठी मुष्टिफंड काढला होता, तसंच हे!’’

झालं! घरोघरी डबे लागले. एक मूठ बाजरी, एक मूठ गहू. माझ्या विद्यार्थिनीने डब्यावर लिहिलं होतं, ‘खाऊ नये’! एप्रिलपर्यंत धान्य आणि रविवारची अर्पणं मिळून ६,९०० रुपये जमले. शिल्लक होते १२,७४०. आता सांगा बरं, एकूण किती झाले? बरोब्बर, १९,६४०.

पण खर्च तर ३२,००० होता ना? इथे कामी आली माणसं. जुने पत्रे ठोकून सरळ केले. गावातल्या वेल्डरने मजुरी घेतली नाही. पत्रे वाहायला तालमीची पोरं आली. आणि सगळ्यांच्या आधी येऊन थांबले होते ते त्या पाय मोडलेल्या मुलाचे वडील. तो मुलगाही काठी टेकत आला होता, खिळ्यांचा डबा धरायला. खर्च झाला १९,३०० रुपये. उरलेल्या ३४० रुपयांचा हिशेबही दाराला लागला.

आजही ती मंडळी लहानच आहे. जूनमध्ये आणखी एक घर पुण्याला गेलं. म्हणजे आता २१. पण रविवारी सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत असते, तेव्हा रुळाचा तो टणत्कार ऐकू येतो. माझी विद्यार्थिनी आता पाचवीत गेली. घंटा वाजवायचं काम तिने धाकट्या भावाला शिकवलंय. म्हणाली, ‘‘बाई, मी नसले तरी वाजली पाहिजे ना!’’