पेशींना वाट कोण दाखवतं?



यंदाची देणगी आपण बोन मॅरो दात्यांच्या नोंदणी मोहिमेला देत आहोत. "म्हणजे नेमकं कशाला?" असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून हा लेखप्रपंच.

हाडांच्या पोकळीतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, रक्ताच्या मूळ पेशी (स्टेम सेल्स) राहतात. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स हा सगळा त्यांचाच गोतावळा. ल्युकेमियासारख्या आजारात रुग्णाची बिघडलेली मज्जा औषधांनी नष्ट करून दात्याच्या निरोगी पेशी देतात. या उपचाराचा पाया घालणारे सिअ‍ॅटलचे डॉ. डॉनल थॉमस १९९० च्या नोबेलचे मानकरी ठरले.

गंमत म्हणजे या पेशी हाडात टोचत नाहीत. रक्त चढवतात तशा शिरेतून देतात. मग त्या हाडात पोचतात कशा? मज्जेतून एसडीएफ-१ नावाचं प्रथिन सतत बाहेर पडत असतं आणि ते ओळखण्याची सोय स्टेम सेलच्या अंगावरच असते. फोडणीच्या वासावरून परक्या बिल्डिंगमधलं देशी घर आपल्याला सापडतं ना, तसंच काहीसं! पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला हलकेच चिकटत, घरंगळत जाते. खूण पटली की घट्ट धरून आत शिरते. काही पेशी फुप्फुसात, प्लीहेत अडकतात. ज्या पोचतात त्या संसार मांडतात, आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत नवं रक्त तयार होऊ लागतं.

दात्याकडे याच्या उलट. चार-पाच दिवसांच्या इंजेक्शनांनी ही पकड सैल होते, पेशी रक्तात उतरतात आणि मशीनने वेगळ्या काढता येतात. बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही.

पेशींना वाट सापडते. जुळणारा दाता मात्र आपल्यालाच शोधावा लागतो. सख्खं भावंड जुळण्याची शक्यता चारात एक. नाहीतर अनोळखी दाता, आणि तो बहुधा आपल्याच वंशाच्या लोकांत सापडतो. अमेरिकेतल्या नोंदणीत आपली माणसं कमी, म्हणून आपल्या रुग्णांना दाता मिळणं गोऱ्या रुग्णांपेक्षा अवघड जातं.

गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली की नमुना तयार. तरुणांनी नाव नोंदवावं, बाकीच्यांनी सढळ हाताने मदत करावी. मात्र एक कळकळीची विनंती: होकार विचार करूनच द्या. दाता ऐनवेळी मागे फिरला, तर तोवर रुग्णाची स्वतःची मज्जा नष्ट केलेली असू शकते. मग त्याच्याकडे दुसरं काहीच उरत नाही.