ग्राफिक्स कार्डाची गती वाढविताना

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट आहे. भल्या पहाटे ग्वाल्हेरहून माझ्या भाच्याचा फोन आला. आवाज रडवेला होता. हा मुलगा संगणकावर हलती चित्रे तयार करण्याचे शिक्षण घेतो. परीक्षेसाठी दीड मिनिटाची चित्रफीत द्यावयाची होती. म्हणजे सेकंदाला २४ प्रमाणे २१६० चित्रे. संगणकाने रात्रभर खपून ती तयार केली, आणि सकाळी पाहतो तो मधूनमधून चित्रांवर हिरवे-जांभळे ठिपके उमटलेले! "मामा, माझं कार्ड गेलं का हो?" हा त्याचा पहिला प्रश्न. दोन वर्षे शिकवण्या करून जमविलेल्या पैशांतून घेतलेले ते ग्राफिक्स कार्ड. मुदत दुसऱ्या दिवसाची.

कार्ड गेले नव्हते. खोदून विचारले तेव्हा कळले, की चार दिवसांपूर्वी एका मित्राच्या सांगण्यावरून चिरंजीवांनी कार्डाची गती वाढविली होती. खेळ तासन्‌तास उत्तम चालले, कोठे अडखळले नाहीत. तेव्हा सारे ठीक आहे असे समजून त्याच गतीवर रात्रीचे काम सोपविले गेले. गती मूळ पदावर आणून पुन्हा एक रात्र संगणक चालविला आणि चित्रफीत वेळेत गेली. परंतु त्या प्रसंगापासून हा विषय नीट मांडावा असे मनात होते. ह्या उद्योगास इंग्रजीत ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, आणि आता तोच शब्द आपल्या मुलांच्या तोंडी रुळला आहे.

क्लॉक म्हणजे घड्याळ. प्रत्येक चिपच्या आत एक ठेका चाललेला असतो आणि त्या ठेक्यावर तिचे सारे काम होते. उदाहरणासाठी भाच्याकडचेच कार्ड घेऊ. एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ३०६०, १२ गिगाबाइट स्मृतीचे. हे फेब्रुवारी २०२१ मध्ये बाजारात आले. त्यात आकडेमोड करणारे ३५८४ लहान घटक आहेत आणि कंपनीने सांगितलेली त्याची वाढीव गती १७७७ मेगाहर्ट्‌झ आहे. म्हणजे सेकंदाला १७७ कोटी ७० लक्ष ठेके! प्रत्येक ठेक्यात विद्युत्‌प्रवाहाने आपला मार्ग आक्रमून पुढचा ठेका पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचले पाहिजे. ठेका जलद केला तर काम अधिक होते; पण फार जलद केला तर प्रवाह पोहोचण्याआधीच पुढची टाळी पडते आणि उत्तर चुकते. तबलजीने लय वाढवीत न्यावी आणि गवयाची तान समेवर येऊ नये, तसाच हा प्रकार.

मग कंपनीने ठरविलेल्या गतीपुढे जाण्यास वाव राहतोच कसा? एकाच घाण्यातल्या साऱ्या चिपा सारख्या उतरत नाहीत. ठरविलेली गती त्यांतल्या दुबळ्या चिपेलाही झेपावी लागते. म्हणून सबळ चिपेच्या अंगी थोडी ताकद शिल्लक राहते. १९९८ साली इंटेलची सेलेरॉन ३००ए ही चिप ह्या बाबतीत गाजली. ३०० मेगाहर्ट्‌झची ती स्वस्त चिप अनेकांच्या हाती ४५० वर चालली, म्हणजे दीडपट! ते दिवस आता गेले. २०१२ पासून एनव्हिडियाची कार्डे उष्णता आणि वीज ह्यांचा अंदाज घेऊन स्वतःच आपली गती वाढवितात. ३०६० हे कार्ड थंड असले तर १७७७ वर न थांबता आपण होऊन १८५० च्याही पुढे जाते. शिल्लक ताकदीतला मोठा वाटा असा आधीच खर्ची पडलेला असतो. त्यावर आणखी १०० मेगाहर्ट्‌झ चढविले तर वाढ होते साडेपाच टक्क्यांच्या आतबाहेर. सेकंदाला ६० चित्रे दिसत होती तेथे फार तर ६३ दिसतील. हा हिशेब आधी मांडून मगच कामास हात घालावा. ज्याला दुप्पट वेग हवा आहे त्याने नवे कार्ड घ्यावे.

आता भीतीविषयी. कार्ड जळेल काय, असे पालक विचारतात. गती वाढविण्याच्या प्रोग्रॅममधील सरकपट्ट्या ज्या मर्यादेत फिरतात, त्या मर्यादेत राहिल्यास तसे सहसा होत नाही. ३०६० ची कमाल उष्णता ९३ अंश सेल्सिअस ठरलेली आहे. तिच्या पुष्कळ आधीच कार्ड आपली गती उतरवू लागते, आणि अगदीच अतिरेक झाला तर संगणक बंद पडतो. शिवाय केलेला बदल कार्डात कोरला जात नाही. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की मूळ गती परत येते. मात्र 'संगणक सुरू होताच हीच गती लावावी' अशी खूण आपण करून ठेवलेली नसावी. नवशिक्याने ही खूण पहिले काही आठवडे मुळीच करू नये. खरा धोका माझ्या मते जळण्याचा नाही, चुकण्याचा आहे. कार्ड चालू राहते आणि गुपचूप चुकीचे उत्तर देते, तेव्हा नुकसान होते.

पूर्वतयारी कंटाळवाणी आहे, पण तिच्यावाचून पुढे जाऊ नये. प्रथम संगणकाचे कपाट उघडून धूळ काढावी. वीज बंद करून, मऊ ब्रशाने; आणि पंख्याची पाती बोटाने धरून, म्हणजे ती वाऱ्याने गरगरा फिरणार नाहीत. आपल्याकडच्या घरांत वर्षभरात जी पुटे चढतात ती पाहिली, की गती वाढविण्याआधी उष्णता का वाढली होती हे निराळे सांगावे लागत नाही. नंतर वीजपुरवठ्याचा डबा पाहावा. ३०६० साठी कंपनी ५५० वॉटचा डबा सुचविते. कार्ड स्वतः १७० वॉट घेते. मदरबोर्डाच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात आणि आठ खिळ्यांच्या जोडणीतून १५०. ती जोडणी थेट डब्यातून आलेली असावी; जुन्या तारांना जोडपट्टी लावून काम भागवू नये. येथे काटकसर करणाऱ्याने गती वाढविण्याचा विचार सोडून द्यावा. लॅपटॉपवाल्यांनाही माझे हेच सांगणे आहे, कारण तेथे उष्णतेला वाटच अरुंद असते. आणि हमीपत्र वाचून पाहावे. गती वाढविल्यास काही कंपन्या हमी नाकारू शकतात.

प्रोग्रॅम म्हणाल तर एमएसआय कंपनीचा आफ्टरबर्नर हा बहुतेक सर्व वापरतात. तो विनामूल्य आहे आणि इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतो. मात्र तो मूळ ठिकाणाहूनच घ्यावा, कारण त्याच्या नकली प्रतींतून विषारी प्रोग्रॅम पसरविले गेले आहेत. तो उघडल्यावर कशासही हात लावू नये. आहे त्या स्थितीत कार्डाला अर्धा तास कष्टाचे काम द्यावे. युनिजिनचे हेवन किंवा थ्रीडीमार्क अशा कसोट्या त्यासाठी आहेत. गती किती, उष्णता किती, गुण किती हे वहीत टिपून ठेवावे. ही पहिली नोंद नसेल तर पुढे सुधारणा झाली की बिघाड, हे कळण्यास मार्ग राहत नाही. पुष्कळ मुले नेमकी हीच पायरी गाळतात.

त्यानंतर मुख्य चिपेची गती एका वेळी २५ मेगाहर्ट्‌झने वाढवावी. दर वाढीनंतर दहा मिनिटे कसोटी चालवावी आणि पडद्याकडे डोळे लावून बसावे. पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा उजळला, किंवा खेळ एकाएकी मिटला, तर मर्यादा आली असे समजावे. चित्रकाम दोन सेकंदांत उत्तर देईनासे झाले की विंडोज ते थांबवून नव्याने सुरू करते. तो काळा पडदा त्यामुळे दिसतो. तेथून ४०-५० मेगाहर्ट्‌झ मागे यावे. अगदी काठावरची गती कायम ठेवणे शहाणपणाचे नाही. थंड सकाळी जे निभते ते दुपारी निभेलच असे नाही. व्होल्टेज वाढविण्याची पट्टी आफ्टरबर्नर मुळातच बंद ठेवतो. ती बंदच असू द्यावी.

येथे एक चकवा आहे, तो सांगतो. जड कसोटीत कार्ड तापते आणि तापल्यावर स्वतःच गती उतरवते. म्हणून कसोटी पार पडते. पुढे एखादा हलकाफुलका खेळ लावावा, कार्ड थंड असावे, ते आपण होऊन सर्वांत वरच्या गतीवर जावे आणि तेथे कोसळावे, असे वारंवार घडते. म्हणून जड काम आणि हलके काम, दोन्ही आलटून पालटून द्यावे आणि आठवडाभर तरी निरीक्षण करावे.

आता कार्डाच्या स्मृतीची गती. माझ्या भाच्याची चूक येथे झाली. तिचा आकडा एका प्रोग्रॅममध्ये १८७५ दिसतो, दुसऱ्यात ७५००, आणि जाहिरातीत १५,०००. तिन्ही एकाच गतीची निरनिराळी मोजमापे आहेत. तेव्हा मित्राने सांगितलेला '+१०००' हा आकडा कोणत्या मापातला, हे पाहिल्याशिवाय उचलू नये. स्मृती मुख्य चिपेसारखी चटकन कोसळत नाही. ती आधी बारीकसारीक चुका करू लागते. खेळात सेकंदाला साठ चित्रे डोळ्यांपुढून जातात. त्यांतल्या एकावर चार ठिपके आले तर कोणाच्या लक्षात येणार? पण चित्रफितीत तेच ठिपके कायमचे बसतात. काही कार्डे अशी चूक ओळखून तोच मजकूर पुन्हा मागवितात. मग पडद्यावर दोष दिसत नाही, पण गती वाढवूनही गुण कमी होऊ लागतात. म्हणून स्मृतीची गती १०० च्या पायऱ्यांनी वाढवावी आणि दर वेळी गुण वहीतल्या नोंदीशी ताडून पाहावे. गुण वाढावयाचे थांबले, की तेथून दोन पायऱ्या खाली उतरावे. ज्यांचे काम चित्र घडविण्याचे किंवा शास्त्रीय गणिताचे आहे, त्यांनी स्मृतीस हात न लावणेच बरे.

उष्णतेविषयी थोडे अधिक बोलतो, कारण आपल्या प्रदेशाचा तो खरा प्रश्न आहे. कार्ड किती तापेल हे खोलीच्या हवेवर अवलंबून असते. २५ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारे कार्ड, मे महिन्यात ग्वाल्हेरच्या ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या आसपास जाणार. परदेशी परीक्षकांचे आकडे बहुधा थंड खोलीतले असतात. ते इंदूर-हैदराबादकडील उन्हाळ्यास तसेच लावता येत नाहीत. आपल्या ऋतूत उलट मार्गच मला अधिक पसंत आहे. गती तीच ठेवावयाची आणि व्होल्टेज उतरवावयाचे. चिपेला लागणारी वीज गतीच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.०५ व्होल्टऐवजी ०.९० वर तीच गती चालली, तर त्या हिशेबाने चिपेच्या कामाला लागणारी वीज सुमारे २६ टक्क्यांनी उतरते. पंखे शांत होतात, आणि कार्डाला आपली गती टिकविता येते. आफ्टरबर्नरमध्ये गती आणि व्होल्टेज ह्यांचा आलेख असतो. त्यावरचा एक बिंदू वर उचलून पुढची रेघ सपाट करावयाची, एवढेच हे काम. कसोट्या मात्र वर सांगितल्या तशाच घ्याव्या लागतात, कारण अपुऱ्या व्होल्टेजवरही चिप चुकतेच.

भाच्याने आता आफ्टरबर्नरमध्ये दोन नोंदी करून ठेवल्या आहेत. पहिलीत मुख्य चिपेला ७५ मेगाहर्ट्‌झची वाढ आहे, ती हिवाळ्यात खेळण्यापुरती. दुसरीत व्होल्टेज ०.९० आणि स्मृती मूळ गतीवर. रात्रीचे काम लावावयाचे असले, की निजण्यापूर्वी तो दुसरी नोंद निवडतो, आणि पहिली दहा चित्रे मोठी करून पाहिल्याशिवाय दिवा मालवीत नाही.