स्क्रूवरचे दोन आकडे

न्हावा शेवा येथे १९८९ साली बंदर सुरू झाले. शेतीमासळीखेरीज आता आपली मुले वर्कशॉपातही कामाला जातात. तेथे मिलिंग मशीन असते. हाताचे चाक फिरवले की स्क्रू फिरतो आणि टेबल सरकते. चाकाऐवजी मोटर लावायची, तर छर्‍यांचा स्क्रू बसवतात. छर्‍यांमुळे तो हलका फिरतो.

तो घ्यायचा कसा? आम्ही सांगतो. नावात १६०५ असेल, तर जाडी १६ मिलिमीटर आणि एका फेऱ्यात टेबल ५ मिलिमीटर सरकेल. १६१० घेतला, तर १० सरकेल. पण मोटरला जोरही दुप्पट लागेल. लांब स्क्रू बारीक असला, तर वेगात थरथरतो, काम बिघडते. फार जाड स्क्रू टेबलाखाली मावत नाही. म्हणून आधी जागा मोजा, मग आकडे वाचा, मगच पैसे द्या. ज्याला आकडा वाचता येतो, त्याचा पैसा पाण्यात जात नाही.