शिडाच्या नौकेवर राहायचंय? आधी हे वाचा

● वारा : नौका थेट वाऱ्याच्या तोंडावर जात नाही. साधारण 45 अंशांचा कोन राखत, आलटूनपालटून डावी-उजवीकडे वळत पुढे सरकावं लागतं.

● वेग : तासाला एक सागरी मैल, म्हणजे 1.852 किलोमीटर, हा एक नॉट. दहा मीटर लांबीची नौका साधारण 5 ते 6 नॉटने जाते.

● शीड : वारा वाढतोय असं वाटताच शीड आखडावं, सोसाटा सुटल्यावर तेच काम जिकिरीचं होतं.

● नांगर : भरतीच्या वेळची खोली धरून तिच्या किमान चार-पाच पट साखळी सोडावी.

● गॅस : एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास नौकेच्या तळाशी साचतो. स्वयंपाक झाला की सिलिंडर बंद करावा.

● पाणी : टाकीतलं गोडं पाणी मोजकंच असतं. खुल्या समुद्रात भांडी खाऱ्या पाण्याने घासून शेवटी गोड्या पाण्यात विसळतात.

● मळमळ : डेकवर बसून क्षितिजाकडे पाहावं, केबिनमध्ये वाचन टाळावं.

● हंगाम : कोकण किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. नवख्यांनी शिकायला सुरुवात करावी ती पावसाळा सरल्यावरच, लाइफ जॅकेट घालून आणि जाणत्या प्रशिक्षकासोबत.