गिटार अॅम्प्लिफायरचा स्पीकर बदलताना

गिटारच्या अॅम्प्लिफायरमधला स्पीकर बदलण्याची वेळ बहुधा कॉइल जळल्यामुळे किंवा कोन फाटल्यामुळे येते. भिलाईत गणेशोत्सव आणि दुर्गापूजेच्या दिवसांत ऑर्केस्ट्रावाल्यांचे अॅम्प तासन्‌तास पूर्ण आवाजात चालतात, तेव्हा हे हमखास घडते.

आधी जुना स्पीकर खरोखरच गेला आहे का, ते पाहावे. त्याची एक तार सोडवून मल्टिमीटर लावल्यास ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो. काहीच दाखवले नाही तर कॉइल तुटलेली असते. कोन चारही बाजूंनी सारखा दाबून पाहिल्यावर खरखर जाणवली, तर कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आहे. चुंबक आणि सांगाडा चांगला असेल तर कारागिराकडून कोन-कॉइल नवी बसवून घेणे स्वस्त पडते.

नवा स्पीकर घ्यायचा ठरल्यास पहिली अट ओहमची. व्हॉल्व्हच्या अॅम्पला त्याच्या मागे लिहिलेल्या ओहमचाच स्पीकर लावावा, आणि स्पीकर न जोडता तो कधीही वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती असते. ट्रान्झिस्टरच्या अॅम्पला लिहिलेल्यापेक्षा जास्त ओहम चालतात, फक्त ताकद घटते. कमी ओहम मात्र चालत नाहीत. जादा करंट ओढला जाऊन आउटपुट ट्रान्झिस्टर जळतात. दोन स्पीकर असतील तर जोडणीचाही हिशोब करावा: ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ होतात, एकापाठोपाठ जोडले की १६.

दुसरी अट वॅटची. ओव्हरड्राइव्हमध्ये व्हॉल्व्ह अॅम्प आपल्या नोंदलेल्या वॅटपेक्षा जास्त ताकद देतो, म्हणून स्पीकर दीडपट ते दुप्पट क्षमतेचा घेणे बरे. मॉडेलच्या नावावरून अंदाज बांधू नये. सेलेस्टियनच्या ‘व्हिंटेज ३०’ची क्षमता ६० वॅट आहे, तर त्याच कंपनीच्या अल्निको चुंबकाच्या ‘ब्लू’ची फक्त १५.

आवाज किती मोठा येईल, हे मात्र स्पीकरच्या वॅटवर नव्हे, तर संवेदनशीलतेवर ठरते. १ वॅट दिल्यावर १ मीटर अंतरावर किती डेसिबल मिळतात, तो हा आकडा. ३ डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट ताकद: ३० वॅटच्या अॅम्पला १०० डेसिबलचा स्पीकर लावला, तर ९७ डेसिबलच्या स्पीकरवर ६० वॅटचा अॅम्प देईल तितकाच आवाज मिळतो.

खरी फसगत होते ती बाजारात. मंडपवाल्यांच्या आणि डीजेच्या सामानाच्या दुकानात १२ इंची स्पीकर सहज मिळतो, मापात बसतोही. पण तो गिटारसाठी घडवलेला नसतो. गिटारच्या स्पीकरचा कोन हलका असतो, मधल्या स्वरांना उठाव देतो आणि सुमारे ५,००० हर्ट्झच्या पुढे झपाट्याने मंदावतो. त्यामुळे डिस्टॉर्शनमधली चरचर आपोआप गाळली जाते. फुल-रेंज स्पीकरवर तीच चरचर कानात टोचते, तर जड कोनाच्या वूफरवर गिटार दबलेली ऐकू येते.

चुंबकाचा प्रकार त्यानंतर पाहावा. अल्निको महाग, पण जोरात वाजवताना आघात मऊ करणारा म्हणून वादकांना आवडतो. फेराइट स्वस्त आणि जड, निओडिमियम हलके. तरी आवाजाचा रंग ठरवण्यात कोन आणि खोका यांचा वाटा मोठा असतो. मागून उघड्या खोक्यात आवाज चहूकडे पसरतो, बंद खोक्यात खर्ज घट्ट येतो.

खरेदीपूर्वी फळीतल्या भोकाचा व्यास, स्क्रूंमधले अंतर आणि चुंबकाची खोली मोजून घ्यावी. जाड चुंबक कधीकधी आतल्या ट्रान्सफॉर्मरला अडतो. भिलाईत वेल्डिंग-फॅब्रिकेशनची वर्कशॉप पुष्कळ आहेत, पण तिथल्या लोखंडाचा कीस पडलेल्या बाकावर स्पीकर कधीही ठेवू नये. चुंबक तो ओढून घेतो आणि फटीत गेलेला कण काढणे जवळजवळ अशक्य असते.

दोन स्पीकर असल्यास १.५ व्होल्टचा सेल टर्मिनलना क्षणभर टेकवून पाहावे. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टर्मिनलला लावल्यावर दोन्ही कोन एकाच दिशेला सरकायला हवेत. एक उलटा सरकला तर त्याच्या तारा बदलाव्यात, नाहीतर खर्ज एकमेकांत विरून जातो. स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळावेत. एकच बाजू आधी आवळली तर सांगाडा पिळतो आणि नवी कॉइलही घासू लागते.