गावच्या वस्तू गावात

करकंबसारख्या पंढरपूर तालुक्यातल्या मोठ्या गावात वस्तुसंग्रहालय काढू या, असं कुणी म्हटलं तर आधी पाणी आणि रस्त्याचं बघा, असं ऐकून घ्यावं लागेल. तक्रार रास्त आहे. पण तिच्या तळाशी एक समजूत असते, की संग्रहालय म्हणजे मुंबई-पुण्याचं काम आणि आपण ते सहलीत बघायचं. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर ही समजूत खोडून काढतं. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात इथून कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला जात असल्याचा उल्लेख आहे. गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागी, सापडणारे मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी, मातीच्या मूर्ती जमवल्या, आणि त्यातून गावातच संग्रहालय उभं राहिलं. तेरला मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना अभ्यासक पाँपेईतल्या मूर्तीशी करतात. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडलेल्या त्या शहरात ती १९३८ साली सापडली.

त्याच १९३८ साली औंधला यमाईच्या डोंगरावर तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचं संग्रहालय सुरू झालं. रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूरचं शिल्प तिथे आहे, तेही सातारा जिल्ह्यातल्या एका गावात. जपानमध्ये तोक्यो-ओसाकाची संग्रहालयं मोठी खरी, पण एल ग्रेकोचं चित्र बघायला माणसं कुराशिकी या जुन्या गिरणगावात जातात. गिरणीमालक ओहारा मागोसाबुरो यांनी १९३० मध्ये तिथे कलासंग्रहालय काढलं.

यावर कुणी म्हणेल, औंधला राजा होता, कुराशिकीला गिरणीमालक, करकंबला कोण? म्हणून तर तेरचं उदाहरण आधी घेतलं; तिथे सुरुवात गावातल्याच एका माणसाने केली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मौल्यवान वस्तू शहरातच सुरक्षित राहतात. सोन्यानाण्यांबाबत तो मान्य. जमिनीत निधी सापडला तर कलेक्टरला कळवण्याचं बंधन १८७८ च्या कायद्यानेच घातलं आहे. पण खापराच्या तुकड्याला बाजारात किंमत नसते. तो कोणत्या शेतात, कशाशेजारी मिळाला यावरच त्याचं मोल ठरतं, आणि गाव सुटताना तेवढंच नेमकं मागे राहतं. लहान संग्रहालयं धूळ खातात, हेही खरं. मात्र त्याला पैशाची चणचण जितकी कारण, तितकीच नोंदींची हेळसांड. कुठे सापडलं, कुणी दिलं, कशासाठी वापरत, हे लिहिलेलं नसेल तर काचेच्या कपाटातही ती वस्तू अडगळच.

करकंबला त्यासाठी शाळेची एक खोली, कुलपाचं कपाट आणि जाड नोंदवही एवढ्यावर भागेल. दगडी मूर्तींच्या मागे न लागता पायली-शेराची मापं, घोंगडी, मोटेचं सामान इथून आरंभ करावा. तरुणपणी मोट हाकलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. मोटेच्या दोरांपैकी नाडा कुठे बांधत आणि सोंदूर कुठे, हे त्यांच्याकडून लिहून घ्यायला इमारतीची मंजुरी लागत नाही.