गोळी नंतर

“साहेब, तोंडातून पडला बघा.” आईनं फडक्यात गुंडाळून आणलेला जंत टेबलावर ठेवला. वीतभर लांब, फिकट गुलाबी, दोन्ही टोकांना निमुळता.

कुटुंब गंगाखेडकडचं, ऊसतोडीहून नुकतंच परतलेलं. सहा वर्षांच्या लेकराचं पोट फुगून ताठ, दोन दिवस संडास नाही, उलटी हिरवी. बेंबीपाशी हाताला मळलेल्या कणकेसारखा गोळा लागत होता. एक्स-रेत सुंभाच्या पेडांसारख्या रेघा.

बापाचा एकच धोशा: “जंताची गोळी द्या की!” नेमकी तीच द्यायची नसते. वाट तुंबलेली असताना औषधानं जंत लुळे पडले, तर गुंता तिथंच आवळून बसतो. म्हणून नाकातून नळी, शिरेतून सलाईन, तोंडानं पाणीही नाही, आणि पोटावर पुन्हा पुन्हा हात. डॉक्टर काहीच करीत नाहीत, असं नातेवाइकांना वाटतं ते याच तासांत. बऱ्याच लेकरांची गाठ अशीच सुटते. याची सुटली नाही. दुसऱ्या पहाटे नाडी धावू लागली, पोटाला हात लावू देईना.

पोट उघडलं. लहान आतडं मोठ्याला मिळतं, त्या अरुंद तोंडाच्या अलीकडे जंतांची मोळी अडकलेली, आतडं जांभळं. त्यावर कोमट सलाईनचे बोळे ठेवून थांबलो. हळूहळू रंग फिरला. चार बोटं तुकडा मात्र काळाच राहिला. तो कापला. बाकीचे जंत कापलेल्या तोंडातून, सड पिळावा तसे, पण अगदी हलक्या बोटांनी बाहेर सारले. सिस्टरनं मोजायला घेतले, साठावर सोडून दिले. एखादा चुकार मागं राहिला तर टाक्यांतूनच डोकं काढतो, म्हणून पुन्हा चाचपलं.

“गुळानं झालं का?” आईनं विचारलं. गुळानं नव्हे. एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती विष्ठेतून मातीत पडतात, दोन-तीन आठवड्यांत पिकतात आणि मळक्या हातांनी तोंडात जातात. अळ्या आतडं भेदून रक्तातून फुफ्फुसात, तिथून घशात, गिळल्या की परत आतड्यात. कोपीवर संडास कुठला? १० फेब्रुवारीला गावच्या शाळेत जंतनाशक गोळी वाटतात; तेव्हा लेकरू फडात होतं.

टाके काढायला आले, तेव्हा अखेर अल्बेंडाझोल दिली, ४०० मिलिग्रॅम. दीड वर्षाच्या बहिणीला अर्धी, कुस्करून. त्यानं चावली, तोंड वाकडं केलं, आणि वरून गूळ मागितला.